किती स्थळं पाहिली?

‘मार्गारिन खाल्ल्यानं संसार मोडतात का हो?’ व्हॉट्सअॅपवर फिरत आलेला एक आलेख पाठवून एका वाचकानं विचारलं आहे. आलेखातल्या दोन रेघा हातात हात घालून खाली उतरतात. अमेरिकेतल्या मेन राज्यात २००० साली हजार लोकांमागे ५ घटस्फोट होत, २००९ साली ४.१. त्याच काळात अमेरिकेतला मार्गारिनचा, म्हणजे लोण्याऐवजी वापरायच्या पदार्थाचा, खप वर्षाला माणशी ८.२ पौंडांवरून ३.७ वर आला. सहसंबंध गुणांक, म्हणजे दोन रेघा किती जुळून चालतात त्याचं माप, ०.९९; एक म्हणजे तंतोतंत जुळणी! आकडे खरेच आहेत. हार्वर्डमध्ये कायदा शिकणाऱ्या टायलर व्हिगेननं संगणकाकरवी अशा जोड्या हुडकल्या आणि २०१४मध्ये त्या जगभर गाजल्या.

कावळा बसायला आणि फांदी तुटायला, असं म्हणून आपण मोकळे होतो. पण म्हणीतली फांदी एका क्षणात तुटते. इथे कावळा दहा वर्षं बसतोय आणि फांदी दहा वर्षं तुटतेय!

हे कोडं उडनी यूल या ब्रिटिश संख्याशास्त्रज्ञानं १९२६मध्येच हाताळलं होतं. गुणांकाला नाव लागलं त्याचे गुरू कार्ल पिअर्सन यांचं. साठी उलटल्यावर विमान चालवायला शिकलेल्या यूल या अवलियाचं नाव मात्र विद्यार्थ्यांच्या कानावर फारसं पडत नाही. यूलनं १८६६ ते १९११ या काळातले इंग्लंड-वेल्सचे आकडे घेतले. एकीकडे चर्च ऑफ इंग्लंडच्या विधीनं लागलेल्या लग्नांचं प्रमाण, दुसरीकडे मृत्युदर. गुणांक ०.९५. म्हणजे चर्चमधलं लग्न टाळलं की आयुष्य वाढतं? यूलनं मेख दाखवली ती अशी, की ४६ वर्षांचे आकडे म्हणजे ४६ स्वतंत्र साक्षीदार नव्हेत. यंदाचा आकडा गेल्या वर्षीच्या आकड्याला धरून चालतो. एकानं दिलेली साक्ष बाकीचे घोकतात.

आमच्या दाराच्या चौकटीवर भाचीच्या उंचीच्या पेन्सिलखुणा आहेत. खुणाही वर चढत गेल्या आणि सोन्याचा भावही. गुणांक झकासच येणार. म्हणून खूण किती उंच आहे ते न पाहता दोन खुणांमधलं अंतर पाहायचं. ज्या वर्षी पोरगी एकदम चार बोटं वाढली, त्या वर्षी सोनंही तसंच उसळलं का? बहुतेक जोड्या इथेच गळतात.

मोठ्या ऐटीत मी हीच चाळणी मार्गारिनला लावली आणि तोंडघशी पडलो. २००५ ते २००६मध्ये मार्गारिन ४ वरून ४.६ पौंडांवर गेलं, तर घटस्फोटही ४.१ वरून ४.२ वर! उतरताना सोबत, चढतानाही सोबत.

मग याचा उलगडा? तो वधू-वर सूचक मंडळात होतो. व्हिगेनच्या संगणकानं ढिगानं पत्रिका एकमेकींशी ताडल्या. त्यातली छत्तीस गुण जुळलेली आपल्यापुढे आली. न जुळलेली कोण कशाला फॉरवर्ड करील? तेव्हा पुढच्या वेळी असा आलेख आला, की गुणांक बाजूला ठेवा. आधी विचारा, हे पसंत पडेपर्यंत किती स्थळं पाहिली होती?