दारातला तगादा आणि हातातली फारखत

पगाराच्या दिवशी कारखान्याच्या फाटकाबाहेर सावकाराचा माणूस काठी टेकून उभा राहतो आणि मजुराच्या हाती पडलेली रक्कम त्याच्या घरी पोहोचण्यापूर्वीच आपल्या थैलीत घालून चालता होतो, ही स्थिती व्हिटले यांच्या अध्यक्षतेखालील मजूर आयोगाने १९३१ सालच्या अहवालात नमूद केली, आणि कर्जवसुलीसाठी कामाच्या जागेला असा वेढा घालणे हा फौजदारी गुन्हा ठरवावा अशी शिफारसही केली. मध्यप्रांत व वऱ्हाडच्या कायदेमंडळाने १९३७ साली ऋणकोंच्या संरक्षणाचा जो कायदा केला, त्याच्या मुळाशी हाच विचार होता. ज्या जबलपुरात तोफगाड्यांचा सरकारी कारखाना १९०४ पासून उभा आहे, त्या शहराला असल्या कायद्याचे प्रयोजन निराळे समजावून सांगावे लागले नसेल.

त्यानंतर प्रांत फुटला, वऱ्हाड आणि नागपूर वेगळ्या राज्यात गेले, १९५६ साली उच्च न्यायालय नागपुराहून जबलपुरास आले. कायदा मात्र जागच्या जागी राहिला. कर्जदाराला दमदाटी करणे, तो जाईल तेथे त्याच्या मागे सतत फिरणे, त्याच्या मालमत्तेत अडथळा आणणे, तो राहतो किंवा काम करतो त्या जागेभोवती घुटमळत राहणे, या सर्व गोष्टी त्या कायद्यान्वये आजही मध्यप्रदेशात शिक्षेस पात्र आहेत, आणि पोलीस ठाण्यांत या कायद्याच्या कलम ३ व ४ खाली गुन्हे दाखल होत असतात. जबलपुरात मदन महलच्या टेकडीखाली, रेल्वे स्थानकाच्या आसपास राहणाऱ्या मराठी कुटुंबांना हा कायदा एका अर्थाने वडिलार्जित आहे, कारण तो झाला तेव्हा त्यांचे आजोबा आणि नागपूरचे त्यांचे सोयरे एकाच प्रांताचे रहिवासी होते. तरीही दारात वसुलीवाला मोठ्याने बोलू लागला की शेजाऱ्यांना ऐकू जाऊ नये म्हणून खिडकी लावून घेणारेच अधिक, आणि ही लाजच वसुलीवाल्याचे खरे हत्यार असते, हे मला मनापासून सांगावेसे वाटते. धरणे हा शब्द आज आपण राजकीय आंदोलनासाठी वापरतो. परंतु धनकोने ऋणकोच्या दारात अन्नपाणी वर्ज्य करून बसणे हा त्याचा जुना अर्थ, आणि तगाद्याची ती रीत मराठी मुलखात चांगलीच रुळलेली होती. लाजेचा उपयोग वसुलीसाठी करण्याची कला, म्हणजे, आजची नव्हे.

म्हणून दारातल्या माणसाला पहिला प्रश्न विचारावा तो हा की, तू कोणाचा. या एका उत्तरावर पुढचे सगळे अवलंबून आहे. आपल्या राज्यघटनेने सावकारी आणि शेतकऱ्यांचे कर्जनिवारण हे विषय राज्यांच्या सूचीत ठेवले, बँकिंग केंद्राच्या सूचीत, आणि नादारी, म्हणजे दिवाळखोरी, दोघांच्या समाईक सूचीत. कर्ज जर सावकाराचे असेल, तर त्याला मध्यप्रांताचाच १९३४ चा सावकारी कायदा लागू आहे: त्याने नोंदणी केली पाहिजे, कर्जदाराला दरवर्षी हिशेबाचा उतारा दिला पाहिजे, आणि नोंदणीचे प्रमाणपत्र नसेल तर त्याचा दावाच न्यायालयात पुढे चालत नाही. थकलेल्या व्याजाची रक्कम मुद्दलाहून अधिक मंजूर करावयाची नाही, ही आपल्या धर्मशास्त्रातील दामदुपटीची मर्यादाही त्या कायद्याने उचलली आहे. कर्ज बँकेचे असेल तर मात्र या तरतुदी कामाच्या नाहीत. मोटारसायकलीसाठी किंवा मोबाइलवरच्या ॲपमधून कर्ज देणाऱ्या, रिझर्व्ह बँकेकडे नोंदलेल्या वित्तसंस्थांवर राज्याचा सावकारी कायदा चालतो की नाही, हा वाद बराच काळ चालला, आणि मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो चालत नाही असा निर्णय दिला. या निर्णयाने राज्याच्या हातातले एक जुने शस्त्र बोथट झाले, असे माझे मत आहे. परंतु रिझर्व्ह बँकेचे नियम तेथे लागू आहेत, आणि त्यांनुसार वसुलीचे दूरध्वनी सकाळी ८ च्या आधी व सायंकाळी ७ नंतर करता येत नाहीत, धमकी व शिवीगाळ वर्ज्य आहे. संस्थेकडे लेखी तक्रार करून ३० दिवसांत दाद न मिळाल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते, आणि त्यासाठी वकिलाची आवश्यकता नाही.

तडजोड हा तर या भूमीचाच जुना मार्ग. १९३३ साली मध्यप्रांताने कर्ज-समझोत्याचा कायदा करून शेतकऱ्यांसाठी मंडळे स्थापिली, आणि अशा प्रकारच्या कायद्यांत तो देशातील अग्रेसर गणला जातो. पंजाबादी प्रांतांनी ती वाट नंतर धरली. मंदीने धान्याचे भाव कोसळले होते, कर्ज मात्र जुन्या भावाने मोजले जात होते. अशा वेळी मंडळ धनको व ऋणको या दोघांना समोरासमोर बसवून, शेतकऱ्याच्या उत्पन्नाला झेपेल एवढी रक्कम ठरवून, तिचे हप्ते पाडून देत असे. योग्य देकार नाकारून जो धनको अडून बसेल त्याच्याविरुद्ध मंडळ दाखला देई, आणि मग त्याला दाव्याचा खर्च मिळेनासा होऊन पुढील व्याजावरही मर्यादा पडे. सक्ती न करता अडेलपणा महाग करून ठेवण्याची ही युक्ती मला फार शहाणपणाची वाटते. १९३९ च्या कर्जनिवारण कायद्याने त्या मंडळांच्या जागी न्यायालये आणली.

आजची लोकअदालत ही त्या मंडळांचीच दूरची नात. विधी सेवा प्राधिकरणांच्या १९८७ च्या कायद्याने ती उभी आहे, आणि मध्यप्रदेशाच्या राज्य प्राधिकरणाचे कार्यालय जबलपुरातच आहे. दावा दाखल होण्यापूर्वीची प्रकरणेही तेथे ठेवता येतात. तेथील निवाडा दिवाणी हुकूमनाम्याइतकाच बंधनकारक असतो, त्यावर अपील नाही, आणि चालू दावा तेथे मिटला तर भरलेली कोर्ट फी परत मिळते. अपील नाही याचा दुसरा अर्थ असा की, सही करण्यापूर्वी रक्कम आणि हप्त्यांच्या तारखा दोनदा वाचाव्यात.

बँकेशी थेट होणाऱ्या एकरकमी तडजोडीत, जिला लोक ओटीएस किंवा सेटलमेंट म्हणतात, बँक थकबाकीचा काही भाग सोडते. पण ती तसे करण्यास बांधलेली नसते. शिवाय पतनोंदीत, म्हणजे लोकभाषेतल्या सिबिलमध्ये, ते खाते ‘पूर्ण फेड’ असे न दिसता ‘सेटल्ड’ असे दिसते, आणि रिझर्व्ह बँकेच्या जून २०२३ च्या चौकटीप्रमाणे, शेतीकर्ज वगळता, तडजोड केलेल्या कर्जदाराला तीच संस्था किमान बारा महिने नवे कर्ज देऊ शकत नाही. तोंडी बोलीवर एक पैसाही भरू नये. तडजोडीचे पत्र आधी हाती यावे, पैसे खात्यात भरावे, आणि नंतर ज्याला आपले वडीलधारे फारखत म्हणत तो ‘येणे बाकी नाही’ असा कागद आणि तारणाचे दस्तऐवज मागून घ्यावेत. जुन्या कर्जाच्या बाबतीत आणखी एक सावधगिरी आहे. साध्या कर्जाच्या दाव्याची मुदत सामान्यतः तीन वर्षांची. पण ती संपण्यापूर्वी कर्जदाराने सहीनिशी थोडी रक्कम भरली किंवा कर्ज लेखी कबूल केले, तर ती मुदत पुन्हा पहिल्यापासून मोजली जाते. ‘निदान हजार रुपये तरी टाका’ या आर्जवामागे कधी कधी हा हिशेब असतो.

आणि काहीच जमले नाही तर? ज्याची मिळकत देण्यास पुरत नाही अशा सामान्य माणसासाठी १९२० चा प्रांतिक नादारी कायदा अजून जिवंत आहे, कारण २०१६ च्या नव्या दिवाळखोरी संहितेतील व्यक्तींविषयीचा भाग आजवर कंपन्यांच्या जामीनदारांपुरताच अमलात आला आहे. कर्ज पाचशे रुपयांचे असले तरी जिल्हा न्यायालयात अर्ज करता येतो, ही शंभर वर्षांपूर्वीची रक्कम तशीच राहून गेली आहे. मिळकत न्यायालयाच्या ताब्यात जाते, धनकोंना त्यातून वाटणी मिळते, आणि वर्तन प्रामाणिक असेल तर शेवटी मुक्तीचा हुकूम मागता येतो. केवळ गरिबीमुळे कर्ज फेडता न आलेल्याला दिवाणी तुरुंगात घालता येत नाही, हे न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी १९८० सालीच सांगून ठेवले आहे.

हुकूमनामा होऊन बेलिफ घरी आला, तरी त्याला सर्व काही उचलता येत नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या साठाव्या कलमाने अंगावरचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, कारागिराची हत्यारे, शेतकऱ्याची औते व गुरे जप्तीतून वगळली आहेत. पगारातील पहिले हजार रुपये आणि उरलेल्याचा दोनतृतीयांश भाग वगळला आहे. आणि धर्माच्या रूढीप्रमाणे जे अलंकार स्त्री अंगावरून उतरवू शकत नाही, तेही वगळले आहेत. वसुलीवाल्याने दारात उभे राहून ‘मंगळसूत्र तरी आहे ना’ असे म्हटले, तर हे कलम त्याला तोंडावर सांगावे, आणि त्याच पावली ठाण्यात जाऊन तक्रारीत १९३७ चा कायदा सालासकट लिहावा.