खाद्यलालसा

शरीराला अन्नाची तातडीची गरज नसतानाही एखादा पदार्थ किंवा नुसतेच 'काहीतरी' खाण्याची जी प्रबळ इच्छा उत्पन्न होते, तिला खाद्यलालसा म्हणतात. व्यवहारात तिला वखवख किंवा खा खा सुटणे असेही म्हणतात. तिचे दोन प्रकार मानता येतात. विशिष्ट लालसेत हवा असलेला पदार्थ निश्चित असतो, उदा., जिलेबी किंवा तळलेली भजी. अनिर्दिष्ट लालसेत काय हवे ते व्यक्तीला स्वतःलाच सांगता येत नाही. ती एकामागून एक डबे उघडून पाहते, थोडे गोड खाते, मग तिखट खाते, तरीही समाधान होत नाही. आणि अखेरीस एका पुरेशा जेवणाइतके अन्न नकळत पोटात गेलेले असते. वजन घटविण्यासाठी आहार नियंत्रित करणाऱ्या व्यक्तींना हा दुसरा प्रकार विशेष त्रासदायक ठरतो. गर्भारपणातील डोहाळे आणि माती, खडू, बर्फ इ. खाण्याची विकृत इच्छा यांपासून ही लालसा वेगळी समजावी. विकृत इच्छेचा संबंध अनेकदा लोहन्यूनताजन्य रक्तक्षयाशी असतो व तीसाठी रक्ततपासणी आवश्यक असते.

भूक व लालसा : या दोहोंतील भेद भारतीय वैद्यकाला प्राचीन काळापासून परिचित आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात रोखून धरू नयेत असे तेरा शारीरिक वेग सांगितले असून त्यांत क्षुधा व तृष्णा यांचा समावेश आहे. याउलट लोभ हा आवरावयाच्या मानसिक वेगांत गणला आहे. आधुनिक आहारशास्त्रातही हाच विवेक पहिली पायरी मानला जातो. भूक सावकाश वाढते, पोटात जाणवते आणि साध्या भाजीभाकरीनेही शमते. लालसा बहुधा अकस्मात येते, तोंडात व मनात जाणवते आणि चवदार पदार्थांकडेच ओढ घेते. साधे जेवण समोर आले तर ते आनंदाने खाता येईल काय, हा प्रश्न स्वतःला विचारल्यास दोहोंतील फरक पुष्कळदा स्पष्ट होतो. उत्तर होकारार्थी असल्यास ती भूक समजून जेवणे हेच योग्य होय. मात्र ऊर्जा कमी घेणाऱ्या शरीरात भूक व लालसा यांची सरमिसळ होत असल्याने ही कसोटी अचूक मानता येत नाही.

शारीरिक कारणे : आहाराचे नियमन मुख्यतः मेंदूच्या तळाशी असलेल्या अधोथॅलॅमस या भागाकडून होते. भारतीय शरीरक्रियावैज्ञानिक बाळकृष्ण आनंद आणि जॉन ब्रोबेक यांनी १९५१ साली येल विद्यापीठात उंदरांवर प्रयोग करून या भागाच्या पार्श्वक्षेत्राला इजा झाल्यास प्राणी खाणे थांबवितो, असे दाखविले. पुढे १९९४ साली वसापेशींतून स्रवणाऱ्या लेप्टिन या हॉर्मोनाचा आणि १९९९ साली मुख्यतः जठरातून स्रवणाऱ्या घ्रेलिन या हॉर्मोनाचा शोध लागला. लेप्टिन शरीरातील वसेचा साठा पुरेसा असल्याचे मेंदूला कळविते, तर घ्रेलिन भूक वाढविते. वजन घटले म्हणजे लेप्टिन कमी होते व घ्रेलिन वाढते. मेलबर्न येथील संशोधकांनी २०११ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात १० आठवडे अत्यल्प ऊर्जेचा आहार घेऊन वजन घटविलेल्या व्यक्तींमध्ये हे बदल, तसेच वाढलेली भूक, वर्षभरानंतरही टिकून असल्याचे आढळले. म्हणजेच लालसा हा निव्वळ मनोदौर्बल्याचा परिणाम नसून वसेचा गमावलेला साठा भरून काढण्याच्या शरीराच्या प्रयत्नाशीही तिचा संबंध असतो.

उपासमारीचा मनावर होणारा परिणाम अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात अँसेल कीझ यांनी १९४४-४५ मध्ये केलेल्या प्रयोगातून स्पष्ट झाला. त्यात ३६ निरोगी तरुणांना २४ आठवडे सुमारे निम्म्या ऊर्जेचा आहार देण्यात आला व त्यांचे वजन जवळजवळ एक चतुर्थांशाने घटले. अन्नाखेरीज दुसरे विचार त्यांना सुचेनासे झाले; काहींनी पाककृतींची पुस्तके जमविली, काही जण तोंड रिकामे राहू नये म्हणून सतत च्युइंग गम चघळू लागले. हे तरुण मुळात स्थूल नव्हते; त्यामुळे हे निष्कर्ष सौम्य आहारनियंत्रणाला जसेच्या तसे लागू होत नाहीत. उलट, आहारातील घट माफक असून ती काही आठवडे टिकली, तर लालसा सरासरीने कमी होते, असे अनेक अभ्यासांच्या एकत्रित विश्लेषणातून दिसून आले आहे. म्हणून कडक उपासापेक्षा दैनिक गरजेपेक्षा सुमारे ५०० कॅलरी कमी देणारा आहार बहुतेकांना अधिक सोयीचा मानला जातो.

इतर कारणे : अपुरी झोप हे एक दुर्लक्षित कारण होय. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात १२ तरुणांना दोन रात्री प्रत्येकी चारच तास झोपू दिल्यावर त्यांचे लेप्टिन सु. १८ टक्क्यांनी घटले, घ्रेलिन सु. २८ टक्क्यांनी वाढले आणि गोड, खारट व पिष्टमय पदार्थांची इच्छा विशेष वाढली. आहारातील एकसुरीपणाही लालसा वाढवितो. तेच ते बेचव अन्न दिवसेंदिवस खाणाऱ्याचे पोट भरते, पण जीभ अतृप्त राहते. काय हवे ते न कळण्याचे मूळ पुष्कळदा येथे असते. याशिवाय कंटाळा, एकटेपणा, कामाचा ताण, दूरचित्रवाणीसमोर खाण्याची सवय आणि दुपारच्या चहाबरोबर फरसाण घेण्यासारखे ठराविक वेळेचे संकेत ही कारणेही असतात. शरीरात ज्या घटकाची उणीव असेल तोच पदार्थ खावासा वाटतो, हा समज मात्र सामान्यतः निराधार आहे. १९९४ सालच्या एका प्रयोगात कोकोतील घटक गोळीच्या रूपाने दिले असता चॉकलेटची लालसा शमली नाही. चॉकलेट प्रत्यक्ष खाल्ल्यावरच ती शमली.

उपाय : लालसा उद्भवल्यानंतर तिच्याशी झगडण्यापेक्षा ती उद्भवू नये अशी व्यवस्था करणे सोपे असते. जेवणाच्या वेळा नियमित ठेवाव्यात व दोन जेवणांत फार मोठे अंतर पडू देऊ नये. प्रत्येक जेवणात डाळ, उसळ, दही, अंडी, मासे यांसारखा प्रथिनयुक्त पदार्थ आणि भरपूर तंतुमय भाजी असावी. त्यांनी तृप्ती अधिक काळ टिकते. पारंपरिक महाराष्ट्रीय ताटातील कोशिंबीर, चटणी व ताक यांमुळे अल्प ऊर्जेत आंबट, तिखट, तुरट अशा विविध चवी मिळतात. त्या वगळून केवळ उकडलेले अन्न खाणे लालसेच्या दृष्टीने अहितकारक ठरते. तळलेले व गोड पदार्थ डोळ्यांसमोर न ठेवणे, ते लागतील तेवढेच आणणे आणि घेतलेला पदार्थ डब्यातून न खाता ताटलीत काढून, बसून खाणे हेही उपयुक्त असते.

अनिर्दिष्ट लालसा आल्यास प्रथम पाणी किंवा ताक प्यावे आणि आपण थकलो आहोत, कंटाळलो आहोत की उपाशी आहोत, याचा क्षणभर विचार करावा. शेवटचे जेवण होऊन चार-पाच तास झाले असतील, तर फुटाणे, फळ किंवा मोड आलेली मटकी असे ठरवून ठेवलेले खाणे घ्यावे. अन्यथा १५-२० मिनिटे थांबावे. लालसा सतत चढत जात नाही. ती लाटेप्रमाणे उंचावते व ओसरते. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ ॲलन मार्लट यांनी व्यसनमुक्तीसाठी सुचविलेल्या पद्धतीत तिला न दडपता व तिच्या आहारीही न जाता केवळ तिचे निरीक्षण केले जाते. अन्नाचा विचार बळाने मनातून काढण्याचा प्रयत्न उलट तो विचार पुनःपुन्हा जागवितो. २००५ साली मांडल्या गेलेल्या एका उपपत्तीनुसार लालसा मुख्यतः पदार्थाच्या मानसिक प्रतिमेवर पोसली जाते. म्हणून दृष्टी व कल्पना गुंतविणारे काम, उदा., चित्र काढणे, तिचा जोर कमी करू शकते. पंधरा मिनिटे भरभर चालण्याचाही तसाच परिणाम आढळला आहे.

नियमभंग : आवडता पदार्थ कायमचा निषिद्ध ठरविण्यात एक धोका असतो. १९७५ साली प्रसिद्ध झालेल्या हर्मन व मॅक यांच्या प्रयोगात नेहमी खाण्यावर बंधन घालणाऱ्या व्यक्तींना आधी दुधाचे गोड पेय दिले असता त्यांनी नंतर आइसक्रीम कमी न खाता अधिकच खाल्ले. नियम मोडलाच आहे, तर आता आवरण्यात अर्थ नाही, अशी मनाची धारणा होते. 'एकादशी आणि दुप्पट खाशी' ही मराठी म्हण बंधन आणि अतिरेक यांच्या अशाच जोडीवर बोट ठेवते. म्हणून अधूनमधून आवडीचा पदार्थ थोड्या प्रमाणात, सावकाश व निःसंकोचपणे खाणे आणि नियमभंग झाल्यास पुढचे जेवण न टाळता नेहमीप्रमाणे घेणे हितकर असते. वसेच्या एका किलोग्रॅममागे सु. ७,७०० कॅलरी ऊर्जा असते. एका संध्याकाळी अधिक खाल्लेल्या ३००-४०० कॅलरींनी काही महिन्यांचे श्रम वाया जात नाहीत. त्या प्रसंगाने निराश होऊन प्रयत्नच सोडून देण्याने मात्र ते वाया जातात.

दक्षता : इन्शुलीन किंवा सल्फोनिलयूरिया वर्गातील औषधे घेणाऱ्या मधुमेही व्यक्तीला घाम, थरथर, धडधड यांसह एकाएकी खाण्याची तीव्र इच्छा झाल्यास ती लालसा समजून रोखणे धोक्याचे असते. रक्तातील ग्लुकोज १०० मिलि.मध्ये ७० मिग्रॅ.पेक्षा कमी झाल्याचे ते लक्षण असू शकते. अशा वेळी लगेच सु. १५ ग्रॅम ग्लुकोज किंवा साखर घेऊन १५ मिनिटांनी पुन्हा तपासणी करावी. वारंवार ताबा सुटून फार मोठ्या प्रमाणात खाणे, खाल्ल्यावर मुद्दाम उलटी करणे किंवा तीव्र अपराधी भावना बाळगणे ही आहारविकाराची लक्षणे असून त्यांसाठी मानसोपचारतज्ञाचा सल्ला घ्यावा. सेमाग्लुटाइडसारख्या औषधांनी भूक व अन्नाविषयीचे सततचे विचार अनेकांत कमी होतात. अमेरिकेत २०२१ साली वजन घटविण्यासाठी या औषधाला मान्यता मिळाली. मात्र ते वैद्यकीय देखरेखीखालीच घ्यावे लागते व बंद केल्यास भूक आणि बरेचसे वजन परत येण्याचा संभव असतो. म्हणून औषध घेणाऱ्यालाही आहार, झोप व व्यायाम यांच्या सवयी जोपासाव्या लागतात.