तिथीची पाऊणपट

पालघर स्टेशन गेले की डहाणू लोकल बरीचशी रिकामी होते. मग उरतात ते बोईसरच्या कारखान्यांत रविवारची पाळी असलेले कामगार, रिकाम्या टोपल्या घेऊन परतणाऱ्या कोळणी आणि क्वचित आमच्यासारखे रिकामटेकडे. मार्चमधल्या त्या रविवारी पहाटे आम्ही दोघे बोईसरला उतरलो. माझ्या गळ्यात वीस वर्षे वापरलेली दुर्बीण होती, तर माझ्या सतरा वर्षांच्या भाचीच्या पाठीवर तिच्या हाताएवढी लांब लेन्स. तिला उडत्या थव्याचा फोटो हवा होता. कसला थवा, हे तिच्या दृष्टीने गौण होते.

रविवार निवडताना मी पंचांग पाहिले होते. किनाऱ्यावर पक्षी पाहायचे तर घड्याळापेक्षा तिथी महत्त्वाची. आपल्या कोकणपट्टीत भरतीची वेळ काढायचा जुना हिशेब आहे : तिथीची पाऊणपट करायची. त्या दिवशी एकादशी होती. अकराची पाऊणपट सव्वाआठ, म्हणजे साधारण सव्वाआठला पाणी भरणार. थोडा मागेपुढे फरक पडतो, पण आमच्या कामाला एवढे पुरते. ओहोटीला हे पक्षी मैलभर पसरलेल्या चिखलात ठिपक्यांसारखे विखुरलेले असतात, ते भरतीच्या पाण्याने हळूहळू आपल्या दिशेने ढकलले जातात. पाणीच त्यांना आणून पोचवते. आपण फक्त आधी जाऊन बसायचे.

रिक्षाने तारापूर मागे टाकून चिंचणीच्या किनाऱ्यावर आलो तेव्हा सूर्य नुकताच सुरूंच्या शेंड्यांमागे आला होता. एरवी या दिवसांत पहाटे जमिनीवरून समुद्राकडे मतलई वारा वाहतो आणि दुपारी खारा वारा उलटा येतो. त्या दिवशी मात्र वायव्येचा वारा पहाटेपासूनच सुटला होता. वाळू घोट्यापर्यंत सपसप मारत होती. भाचीने तिवई उभी केली तर ती थरथरू लागली. मग मी माझी पिशवी तिवईच्या मधल्या हुकाला अडकवली; पोळ्यांचा डबा आणि पाण्याच्या बाटल्या त्या दिवशी अशाही कामी आल्या.

वाऱ्याची खरी अडचण वेगळीच होती. पक्षी नेहमी वाऱ्याकडे तोंड करून बसतात, नाहीतर पिसे उलटी होतात. वारा समुद्राकडून, म्हणून सगळ्यांची तोंडे समुद्राकडे आणि आमच्याकडे पाठी. पाठीमागून ऊन इतके सुंदर पडलेले, आणि समोर दीडदोनशे शेपट्या!

दुर्बीण लावली. बहुतेक चिखल्या होते, इंग्रजीत ज्यांना आम्ही लेसर सँड प्लोव्हर म्हणून शिकलो ते. "मामा, आता त्याला तिबेटी सँड प्लोव्हर म्हणतात," भाचीने दुरुस्ती केली. खरे आहे, अलीकडे शास्त्रज्ञांनी या जातीच्या दोन जाती केल्या आणि आपल्याकडे येणाऱ्याला तिबेटचे नाव मिळाले. नाव शोभतेही. साठ-सत्तर ग्रॅमचा हा जीव, म्हणजे एका मध्यम बटाट्याएवढा. हिवाळा आपल्या वाळूवर काढतो आणि उन्हाळ्यात अंडी घालायला हिमालयापलीकडे लडाख-तिबेटच्या पठारावर जातो. हिवाळाभर मातकट दिसणाऱ्या नरांच्या छातीवर मार्चमध्ये विटकरी पट्टा उमटू लागतो. त्या दिवशी काहींचा पट्टा अर्धाच भरला होता, अस्तनीवर हळद सांडल्यासारखा.

त्यांच्यात पाच-सहा पांढुरके सँडरलिंग होते, लाटेमागे धावणारे आणि लाट आली की उलटे पळणारे. ते तर उत्तर ध्रुवाजवळच्या प्रदेशात जातात. जरा बाजूला गाजरासारख्या लाल चोचीचा एक दांडगा कॅस्पियन सुरय, आणि दोन गॉडविट. गॉडविट दिसला की मला २०२२ सालचा तो विक्रम आठवतो. पट्टेदार शेपटीच्या एका गॉडविटने, जेमतेम पाच महिन्यांच्या पिल्लाने, अलास्कातून उडून थेट टास्मानिया गाठले. १३ हजार ५६० किलोमीटर, अकरा दिवस, वाटेत कुठे उतरणे नाही, खाणे नाही. पाठीवरच्या छोट्या ट्रान्समीटरमुळे हे कळले. इंधन एकच, निघण्यापूर्वी अंगावर चढवलेली चरबी. आपल्या चिखल्यांचा प्रवास एवढा लांबचा नसला तरी हिशेब तोच. मार्च-एप्रिलमध्ये इथे त्यांनी जे खाल्ले, त्यावर हिमालय ओलांडायचा.

हे सगळे मी भाचीला सांगत होतो. ती ऐकत नव्हती. ती धावत सुटली होती.

थवा उठला. वाऱ्यात एकदम तिरपा होऊन पांढरा चमकला, वळला, काळा झाला आणि दोनशे पावलांवर जाऊन बसला. ती पुन्हा धावली. पुन्हा उठला. तिसऱ्यांदा तिच्याबरोबर गावातली दोन कुत्रीही धावली. मी ओरडलो नाही, आणि त्याचे कारण सांगायला मला आजही लाज वाटते.

आमच्या दिवाणखान्यात एक फोटो आहे. केळव्याच्या किनाऱ्यावर कुरवांचा थवा, सगळे पंख एकदम उघडलेले, मागे मावळता सूर्य. रोलच्या कॅमेऱ्याचे दिवस होते, छत्तीस फोटोंचा रोल. त्या एका फोटोसाठी मी संध्याकाळभर त्या कुरवांना उठवत होतो; शेवटी तर हातात वाळू घेऊन भिरकावली. भाची त्या फोटोखाली खेळत वाढली. कॅमेरा हवा म्हणून हट्ट धरला तोही, "मामा, तुझ्या त्या फोटोसारखा काढायचाय" असे म्हणत. तिला कोणत्या तोंडाने थांबवणार?

थांबवले ते दुसऱ्याच कुणीतरी. वर सुरूंच्या बाजूला एक मांगेला बाई बांबूच्या दांड्यांवर बोंबील टांगत होत्या. कमरेवर हात ठेवून त्या म्हणाल्या, "बसू द्या ना त्यांना जरा. सकाळपासून कुत्री उठवतात, आता तुम्ही." बस्स, एवढेच. परत बोंबलांकडे वळल्या.

भाची धापा टाकत, लाल होऊन परत आली. "फोटो आला?" मी विचारले. "सगळे हललेत," ती म्हणाली.

मग आम्ही ओढून ठेवलेल्या एका होडीच्या आडोशाला बसलो. वारा अडला, तिवई स्थिर झाली. पाणी चढत होते. दक्षिणेला तारापूरचे अणुऊर्जा केंद्र. १९६९ पासून तिथे वीज होते आहे. तिकडे कॅमेरा वळवायचा नाही, हे मी भाचीला घरीच बजावले होते. त्याच्या तिसऱ्या-चौथ्या अणुभट्टीसाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावे उठली. आणि इथून उत्तरेला थोड्याच अंतरावर वाढवण. १९९१ मध्ये डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर झाला; १९९८ मध्ये तालुक्याच्या पर्यावरण प्राधिकरणाने वाढवणच्या बंदराला नकार दिला; २०२३ मध्ये त्याच प्राधिकरणाने परवानगी दिली आणि ३० ऑगस्ट २०२४ रोजी पायाभरणी झाली. खर्च ७६ हजार २२० कोटी, समुद्रात भराव १ हजार ४४८ हेक्टर. देशाला खोल पाण्याचे बंदर हवे, हे मला कळते. मच्छीमार इतकी वर्षे का भांडत आले, तेही कळते. चिखल्यांची बाजू मात्र कुठल्याच सुनावणीत त्यांच्या तोंडून मांडली जाणार नाही. आणि त्यांना उठवणारी माणसे फक्त बंदरवालीच असतात असे नाही, हे मी नुकतेच पाहिले होते.

आठ वाजून गेले. भरतीची रेषा आमच्यापासून पंधरा-वीस पावलांवर आली, आणि तिच्या पुढे पुढे, एकेक पाऊल मागे सरत, पक्षी. कुणी एका पायावर उभे, कुणी चोच पाठीत खुपसलेली. वाऱ्याचा झोत आला की सगळा थवा एकदम खाली बसे. भाचीने बराच वेळ कॅमेऱ्याला हात लावला नाही. मग एका नराने मान वळवून आमच्याकडे पाहिले, अर्ध्या विटकरी पट्ट्यासकट. एकच क्लिक ऐकू आला.

निघताना त्या बाईंनी वर्तमानपत्रात गुंडाळून सुके बोंबील दिले. पैसे घेतले, पण आग्रह केल्यावर. घरी एकादशीचा उपास, हे लोकलमध्ये शेजारची माणसे उठून दुसरीकडे बसू लागली तेव्हा आठवले. जागा ऐसपैस झाली, तेव्हा मी भाचीला केळव्याची ती संध्याकाळ सांगितली, वाळूसकट.

सफाळे येईपर्यंत ती काही बोलली नाही. मग म्हणाली, "मग तो फोटो आता काढून टाकायचा?"

म्हटले, "मामीला विचार. त्याच्यामागे भिंतीला ओल आली आहे."