चार दिवस, सात मासे

नाशिकच्या सातपूर-अंबडमधल्या कारखान्यांतलं सांडपाणी प्रक्रियेनंतर कितपत निवळलं, हे नुसत्या सीओडीच्या (रासायनिक ऑक्सिजन मागणीच्या) आकड्यावरून पुरतं कळत नाही. म्हणून पर्यावरण (संरक्षण) नियम, १९८६ मध्ये माशांची परीक्षाही आहे: पाणी न मिसळलेल्या सांडपाण्यात ९६ तासांनंतर ९० टक्के मासे जिवंत हवेत.

सुट्या रसायनासाठी ओईसीडी या आंतरराष्ट्रीय संघटनेची २०३ क्रमांकाची पद्धत. किमान पाच चढत्या प्रमाणांच्या टाक्या, प्रत्येकीत निदान सात मासे, शिवाय एक टाकी निव्वळ पाण्याची. मासा बहुधा झेब्रा. आपल्याच उपखंडातला, बोटाच्या दोन पेरांएवढा. चाचणीभर त्याला उपास. निम्मे मासे ज्या प्रमाणात दगावतात ते एलसी-५०. आकडा जितका लहान, तितकं रसायन जहाल. पण मरण्याआधीच मासा बरंच सांगतो: पृष्ठभागाशी येऊन तोंड उघडमिट करतो, कल्ले भराभर हलवतो, मग एका कुशीवर कलतो. चार दिवस तगलेला मासा पुढे नासर्डी नदीत अंडी घालेल का, हे मात्र इथे कळत नाही.

प्लेटिंगवाल्यांसाठी एक मेख: जस्त, तांबं मऊ पाण्यात जास्त मारक, कारण कठीण पाण्यातलं कॅल्शियम कल्ल्यांवरच्या जागा आधीच अडवतं. पाण्याचा कठीणपणा न नोंदवलेला अहवाल अर्धाच समजावा.