गाथा कुणाची देऊ?

पिंपळगाव बसवंतला टोमॅटोचा हंगाम भरात असला की बाजार समितीत बोलायला उसंत नसते. पुस्तकांचा विषय निघतो तो हरिनाम सप्ताहात. मांडवाबाहेर टाळ, तुळशीमाळा, बुक्का आणि ग्रंथ मांडलेले असतात. गिऱ्हाईक प्रकाशक विचारत नाही. दुकानदारच विचारतो, "गाथा कुणाची देऊ? जोग महाराजांची, का सरकारी?"

या एका प्रश्नात धर्मग्रंथाचा अख्खा बाजार आला. विष्णुबुवा जोगांनी 1917 साली आळंदीत वारकरी शिक्षण संस्था काढली. तिथून शिकून गेलेला कीर्तनकार आपल्या गुरूंचीच प्रत हाती धरणार, आणि श्रोता तीच मागणार. वेगळं शिफारसपत्र लागतं कशाला? सरकारी गाथेची गोष्ट निराळी. इंदुप्रकाश छापखान्याची गाथा 1869 आणि 1873 मध्ये दोन भागांत निघाली, तिला इंग्रज सरकारने 24 हजार रुपये दिले. पुढे 1950 साली मुंबई सरकारने स्वतःच गाथा छापली. ज्या तुकोबांच्या वह्या इंद्रायणीत बुडवायला लावल्या, त्यांच्याच अभंगांना सरकारदरबारी मान मिळाला!

पूर्व युरोपातल्या ज्यूंकडे मात्र शिफारसपत्राला हुंडीचं मोल होतं. 'हस्कामा' म्हणजे ग्रंथाच्या सुरुवातीला छापलेलं रब्बींचं मान्यतापत्र. त्यात ग्रंथाची वाखाणणी असायची आणि इतकी वर्षं दुसऱ्याने तो छापू नये अशी तंबीही. हसिदी पंथाच्या खाबाद शाखेचा 'तान्या' 1796 साली स्लावूता इथे छापला गेला, तेव्हा दोन रब्बींनी पाच वर्षांची बंदी घातली. त्याच स्लावूताच्या हसिदी छापखान्याने पुढे तालमूद हा ज्यूंचा अनेक खंडांचा धर्मग्रंथ काढला, 25 वर्षांच्या हक्कासकट. 1835 मध्ये विल्नाच्या रोम घराण्याने आपला तालमूद छापायला घेतला आणि रब्बींच्या पत्रांना ऊत आला. कुणी स्लावूताच्या बाजूने, कुणी विल्नाच्या. भांडण धर्माचं वाटतं, पण पत्रं नीट वाचली तर मुद्दा व्यवहाराचा: एवढे जाडजूड खंड छापायला घातलेलं भांडवल बुडालं तर भरून कोण देणार? मला त्यात काही गैर वाटत नाही. कागद उधारीवर घेतलेल्या माणसाला आशीर्वाद पुरत नाही. शेवटी झारच्या सरकारने 1836 मध्ये बहुतेक हिब्रू छापखानेच बंद केले.

आपल्याकडे विनोबांनी वेगळी वाट धरली. पिंपळगावावरून जाणाऱ्या आग्रा रस्त्यानेच पुढे धुळं लागतं. तिथल्या तुरुंगात 1932 साली त्यांनी गीतेवर 18 प्रवचनं दिली, साने गुरुजींनी ती उतरून घेतली. भूदानाच्या पदयात्रेत तेच पुस्तक विकलं जाई आणि विनोबा त्यावर सही करून देत. लेखकच शिफारस करणारा, लेखकच विक्रेता.

सप्ताहातल्या दुकानी अजूनही ग्रंथाचा भाव कुणी करत नाही. माळेचा करतात, टाळाचा तर हमखास. पोथी तेवढी आधी कपाळाला लावतात आणि मग हळूच मागचं पान उलटून 'मूल्य' बघतात.