एक विद्यार्थी, चार नोंदी

गोऱ्हे हे आडनाव संगणकावर दोन तऱ्हांनी टाइप होतं. एका पद्धतीत नुक्ता असलेल्या 'र'ला हलन्त जोडतात. दुसरीत साधा 'र', हलन्त आणि पुढे डोळ्यांना न दिसणारं एक जोडचिन्ह असतं. पडद्यावर आणि छापील कागदावर दोन्ही नावं हुबेहूब सारखी. संगणकाच्या लेखी मात्र ती दोन वेगळी आडनावं. कऱ्हाडे, वऱ्हाडे, बऱ्हाटे यांचंही तेच. महाविद्यालयात प्रवेशाच्या वेळी नाव एका पद्धतीने टाइप झालं आणि परीक्षा विभागात दुसऱ्या, तर शोधूनही नोंद सापडत नाही. मग कोणीतरी नवी नोंद करतं आणि एकाच विद्यार्थ्याचे दोन विद्यार्थी होतात.

विद्यापीठाची माहिती एका जागी तयार होत नाही, हे या गोंधळाचं मूळ. मुंबई विद्यापीठाची महाविद्यालयं मुंबईपासून पार सिंधुदुर्गापर्यंत पसरली आहेत. प्रवेशाची नोंद महाविद्यालयाच्या खिडकीवर होते, पात्रता विद्यापीठाचा वेगळा विभाग तपासतो, गुण परीक्षा विभागाकडे असतात, शिष्यवृत्तीचा अर्ज महाडीबीटीवर भरायचा असतो. प्रत्येक टप्प्यावर नाव नव्याने लिहिलं गेलं, की प्रत्येक टप्प्यावर चुकायला वाव मिळतो. म्हणूनच विद्यार्थ्याला कायम नोंदणी क्रमांक, म्हणजे पीआरएन, देण्याची पद्धत आली. पण हा क्रमांक त्या-त्या विद्यापीठापुरता. विद्यार्थी कोल्हापूरहून पुण्याला गेला, की त्याची ओळख पुन्हा नावावरच येऊन ठेपते.

आणि नाव हा ओळखीचा फार कच्चा आधार आहे. दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी येतं, आधार कार्डावर बहुतेकदा शेवटी. आईचं नाव कुठे स्वतंत्र रकान्यात, कुठे मुळीच नाही. रोमन लिपीत लिहिताना 'वैष्णवी'चा 'व' कोणी व्ही वापरून लिहितो, कोणी डब्ल्यू. पदवीच्या मध्येच लग्न झालेल्या मुलीचं आडनाव आणि मधलं नाव दोन्ही बदलतात. नोंदी विस्कळीत झाल्याची सर्वाधिक झळ तिलाच बसते, कारण नोकरीच्या वेळी 'ही पदवी माझीच' हे सिद्ध करायची जबाबदारी तिच्यावर येते. जन्मतारखेचाही भरवसा पुरता नाही. पूर्वी शाळेत नाव घालताना खरी तारीख माहीत नसली, की गुरुजी १ जून लिहून टाकत. जुन्या नोंदींत ही तारीख इतक्या वेळा येते, की सारखं नाव आणि सारखी जन्मतारीख असलेली दोन माणसं खरोखरच वेगळी असू शकतात.

त्यात जुन्या फाइलींची भर. युनिकोड रुळण्याआधी मराठी मजकूर श्रीलिपीसारख्या खास फॉन्टमध्ये टाइप होत असे. तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर फाइल उघडली, की नावांच्या जागी निरर्थक चिन्हं दिसतात. मजकूर हरवलेला नसतो, पण तो युनिकोडमध्ये आणून मूळ कागदाशी ताडून पाहावा लागतो, कारण रूपांतरात जोडाक्षरं हमखास बिघडतात. विद्यापीठांचं विभाजन झालं, की गुंता आणखी वाढतो. शिवाजी विद्यापीठातून २००४ साली सोलापूर विद्यापीठ वेगळं झालं, नागपूर विद्यापीठातून २०११ मध्ये गोंडवाना. चंद्रपूरच्या महाविद्यालयातून २००९ साली पदवी घेतलेल्या माणसाची पदवी नागपूरची, तर त्याचं महाविद्यालय आज गडचिरोलीच्या विद्यापीठाशी जोडलेलं.

सफाई करताना सर्वात मोठा धोका घाईचा. दोन नोंदी वेगळ्या राहिल्या तर त्रास होतो. दोन माणसांच्या नोंदी चुकून एकत्र झाल्या तर एकाचे गुण दुसऱ्याच्या नावावर जातात. म्हणून जाणकार मंडळी आधी अक्षरांची रूपं एकसारखी करून घेतात, मग क्रमांक जुळतात का पाहतात, त्यानंतर नाव, आईचं नाव, जन्मतारीख, महाविद्यालय आणि वर्ष एकत्र ताडतात. शंका उरलेल्या जोड्या माणसाने मूळ कागद काढूनच तपासायच्या. जुनी नोंद पुसायची नाही. कोणी, कधी, कशाच्या आधारे बदल केला, हे तिच्यासोबत लिहून ठेवायचं.

समान क्रमांक हाताशी असला तर काय उघड होऊ शकतं, याचं उदाहरण २०१८ च्या जानेवारीत देशाने पाहिलं. उच्च शिक्षणाच्या अखिल भारतीय सर्वेक्षणाचा अहवाल जाहीर करताना तत्कालीन केंद्रीय मंत्री प्रकाश जावडेकर यांनी सांगितलं, की आधार क्रमांकांमुळे एकापेक्षा जास्त ठिकाणी पूर्णवेळ म्हणून दाखवलेले सुमारे ८० हजार शिक्षक आढळले. वर्गात शिकवायला माणूस आहे असं कागदावर दिसत होतं आणि विद्यार्थी मात्र शिक्षकाविना बसले होते. नोंदींची शुद्धता हा निव्वळ कार्यालयीन विषय का नाही, ते यातून कळतं.

विद्यार्थ्यांसाठी असा देशव्यापी क्रमांक आता आला आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२१ मध्ये शैक्षणिक श्रेयांक बँकेचे नियम केले. त्यापाठोपाठ बारा आकडी 'अपार' क्रमांक आला. तो काढताना आधारवरचं नाव आणि संस्थेतलं नाव जुळावं लागतं आणि वर्षानुवर्षं दडून राहिलेले फरक तिथे एकदम वर येतात. अशा वेळी आधारवर आहे तेच बरोबर असं धरून चालणं घातक आहे, कारण चूक तिथेही असू शकते. आधीची गुणपत्रिका काय सांगते, हे पाहायला हवं आणि ते पाहणाऱ्या महाविद्यालयातल्या कारकुनाला दुरुस्तीचा अधिकार आणि पुरेसा वेळही मिळायला हवा. आज अनेकदा विद्यार्थ्यालाच एका खिडकीवरून दुसरीकडे पाठवलं जातं.

हे काम एकदा करून संपणारंही नाही. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात महाराष्ट्र सरकारने आईचं नाव आणलं आहे: आधी मुलाचं, मग आईचं, मग वडिलांचं आणि शेवटी आडनाव. ही मुलं २०४२ च्या सुमारास महाविद्यालयांत येतील. तेव्हा तीन भागांची जुनी नावं आणि चार भागांची नवी नावं एकाच यादीत असतील. संपूर्ण नाव एकाच रकान्यात कोंबणाऱ्या आजच्या अर्जांमध्ये प्रत्येक भागाला वेगळा रकाना देण्यासाठी विद्यापीठांच्या हाती अजून पुरेशी वर्षं आहेत.