अमेरिकेची वाट आर्क्टिकवरून

बंगळूरहून सॅन फ्रान्सिस्कोची जवळची वाट उत्तरेकडून का जाते, हा प्रश्न मला पांढरकवड्यात अमेरिकेत गेलेल्या माझ्या जुन्या विद्यार्थ्यांचे आईवडील विचारतात. भिंतीवरच्या नकाशात अमेरिका डाव्या कडेला असते. वर कुठेच नसते. उभं आयुष्य भूगोल शिकवलेल्या माणसाला असा प्रश्न आला की आनंदच होतो. मी पृथ्वीगोल काढतो आणि त्यांच्या हाती दोरा देतो.

दोऱ्याचं एक टोक बंगळूरवर, दुसरं सॅन फ्रान्सिस्कोवर. ताणला की तो आपसूक उत्तरेकडे सरकून आर्क्टिकवर जातो. बंगळूर ७७.६ अंश पूर्व रेखांशावर, सॅन फ्रान्सिस्को १२२.४ अंश पश्चिम रेखांशावर. बेरीज २०० अंश, म्हणजे ही शहरं पृथ्वीच्या जवळजवळ विरुद्ध बाजूंना. जवळची वाट माथ्यावरूनच. दोरा साधारण १२६ अंशांचा भरतो. अंशाला १११ किलोमीटर धरा, अंतर १४ हजार किलोमीटरच्या आसपास येतं.

हा अंश मोजण्यापायी ज्यानं आयुष्य वेचलं, तो आपल्याच नागपूरच्या रस्त्यावर विसावला आहे. विल्यम लॅम्बटननं १८०२ साली मद्रासहून भारताची मोजणी सुरू केली. ७८ अंश रेखांशाच्या आसपास साखळी आणि कोन मोजत तो उत्तरेकडे सरकत राहिला. पृथ्वीचा बाक नेमका किती, हे त्याला काढायचं होतं. आपला केळापूर तालुका त्याच रेखांशाच्या थोडा पूर्वेला. हैदराबादहून नागपूरला जाताना २० जानेवारी १८२३ रोजी तो हिंगणघाटला वारला. नागपूरला जाताना आपण त्याच गावावरून जातो.

आता वेळ. ताशी ९०० किलोमीटरनं १४ हजार किलोमीटरला साडेपंधरा तास पुरावेत. पण चढ-उतार, हवामान आणि कोणत्या देशाचं आकाश खुलं आहे, यावर तास वाढतात. उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरदार वारे वाहतात. म्हणून मुंबईहून लंडनला जायला जास्त वेळ लागतो, परतताना कमी.

तारखांचा घोळही असाच सुटतो. कॅप्टन झोया अगरवाल आणि त्यांच्या महिला सहकाऱ्यांनी एअर इंडियाचं सॅन फ्रान्सिस्को–बंगळूर मार्गावरचं पहिलं विमान ९ जानेवारी २०२१ च्या रात्री तिथून काढलं. ते बंगळूरला ११ तारखेला पहाटे उतरलं. प्रवास सुमारे १७ तासांचा, आणि हिवाळ्यात आपलं घड्याळ तिथल्यापेक्षा साडेतेरा तास पुढे. दोन्ही मिळवा, हिशेब जुळतो.

सपाट कागदावर गोल पृथ्वी खरी मावत नाही. तालुक्यातल्या प्रत्येक शाळेत नकाशाशेजारी पृथ्वीगोल आणि हातभर दोरा असलाच पाहिजे. आपली मुलं किती लांब गेली, हे आईवडिलांना स्वतःच्या हातानं मोजता आलं पाहिजे.